एरवाडीची आग : साखळी कोणी घातली?

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात समुद्रकाठी एरवाडी नावाचं गाव आहे, मनाचे आजार बरे करतो अशी श्रद्धा असलेल्या दर्ग्याचं. तिथल्या ‘मोईदीन बादुशा मेंटल होम’च्या शाकारलेल्या शेडला पहाटे पाचच्या सुमारास आग लागली. आत चाळीसहून जास्त मनोरुग्ण झोपले होते आणि जवळपास सगळे साखळीने बांधलेले होते. ज्यांच्या पायातली कडी थोडी सैल होती ते कसेबसे सुटले. २५ जण जागीच जळून मेले. नंतर मृतांचा आकडा २८ वर गेला. प्रेतं ओळखू येण्याच्या पलीकडे गेली होती.

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसमोर मी हे प्रकरण ठेवते आणि विचारते, ही माणसं कशामुळे मेली? उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात येतं : अंधश्रद्धा. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या उत्तरावर थांबलं की सगळा दोष दर्ग्यावर आणि तिथल्या भाबड्या भक्तांवर जातो. आपलं घर, आपली गल्ली, आपला तालुक्याचा दवाखाना मात्र त्यातून अलगद सुटतो. त्यामुळे हे प्रकरण नीट उलगडून पाहावं लागतं.

त्या गावात काय चालायचं

एरवाडीला सुलतान सय्यद इब्राहिम शहीद यांचा दर्गा आहे. दर्ग्यातल्या पाण्याने आणि तिथे तेवणाऱ्या दिव्याच्या तेलाने आजार बरे होतात, विशेषतः मनाचे, अशी फार जुनी श्रद्धा आहे. ती मुसलमानांपुरती नाही. हिंदू, ख्रिस्ती, सगळ्या धर्मांची माणसं तिथे येत आली आहेत. रुग्णाने तिथे राहायचं, पाणी प्यायचं, तेल लावायचं आणि वाट पाहायची. एक दिवस स्वप्नात हुकूम येतो, ‘आता घरी जा.’ हुकूम आला की माणूस बरा झाला. तो यायला कुणाला दोन महिने लागत, कुणाला कित्येक वर्षं.

या कालावधीकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर बरंच काही कळतं. काही मनोविकार झटक्याने येतात आणि औषध न घेताही काही काळाने ओसरतात. उन्मादाचा, म्हणजे मन अतोनात उत्तेजित होण्याचा, झटका उपचाराविना साधारण चार महिने टिकतो आणि बऱ्याचदा आपोआप उतरतो. अचानक सुरू होणाऱ्या काही मनोविकृती तर काही आठवड्यांतच शांत होतात. अशा रुग्णाला दर्ग्यात आणलं, तीन महिन्यांनी त्याला नीट झोप लागू लागली, स्वप्न पडलं आणि तो घरी गेला. घरच्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांना मूर्ख ठरवण्याचा मला अधिकार नाही, कारण त्यांनी जे पाहिलं ते घडलेलंच होतं. फक्त त्याचं कारण वेगळं होतं. भास आणि संशय यांनी माणसाला ग्रासणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं मात्र तसं नसतं. तो सहसा असा आपोआप ओसरत नाही. तो आजार असलेल्या माणसाला हुकूम येत नव्हता आणि त्याची साखळी वर्षानुवर्षं सुटत नव्हती. सगळ्यांत गंभीर आजारी असलेला माणूसच सगळ्यांत जास्त काळ बांधलेला राहत होता.

शिवाय या आजारात उपचारांना जितका उशीर होतो तितकं बरं होणं अवघड जातं. पहिली लक्षणं दिसल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंतचा काळ फार मोलाचा असतो, आणि नेमका तोच काळ एरवाडीत वाट पाहण्यात जात होता.

दर्ग्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढली तशी आसपास खासगी ‘होम’ उभी राहिली. पैसे घेऊन रुग्ण ठेवायचे. दिवसा झाडाला दोरखंडाने बांधायचं, रात्री खाटेला लोखंडी साखळीने. अंगातलं ‘वाईट’ बाहेर काढायला छडीने मारणंही चाले. ही होम चालवणारे कोण होते? त्यातले बरेच जण स्वतःच कधीकाळी आपल्या आजारी नातेवाइकाला घेऊन एरवाडीला आलेले होते. ते तिथेच राहिले, आधी आपल्या माणसाला सांभाळलं, मग शेजारच्याच्या माणसाला, आणि हळूहळू तो धंदा झाला. या तपशिलापाशी मी मुद्दाम थांबते. साखळी घालणारा कुणी परका राक्षस नव्हता. घरी, गावी, सरकारी दवाखान्यात कुठेच मदत न मिळालेला तो नातेवाईक होता. आपल्यासारख्याच दुसऱ्या नातेवाइकाला त्याने हेच दिलं, कारण त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

म्हणून त्याला मोकळं सोडावं असं मी म्हणत नाही. होमचा मालक, त्याची पत्नी आणि दोन नातेवाईक यांना २००७ मध्ये न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली आणि ती योग्यच होती. पण चार माणसं तुरुंगात गेली म्हणून हे प्रकरण संपलं असं मानता येत नाही.

घरातून दर्ग्यापर्यंत

रुग्ण घरातून निघतो आणि अशा जागी पोचतो, त्या वाटेवर काय काय होतं हे मी माझ्या कामात, महाराष्ट्रात, इतक्यांदा पाहिलंय की एरवाडीच्या घरांमध्येही फार वेगळं घडलं असेल असं मला वाटत नाही.

सुरुवात झोपेपासून होते. मुलगा रात्र रात्र जागतो, एकटा बडबडतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत म्हणतो. घरात पहिलं वाक्य येतं, ‘अभ्यासाचं टेन्शन घेतलंय.’ दुसरं, ‘कुणीतरी काहीतरी केलंय.’ मग देवऋषी, भगत, उतारा, एखादं ठाणं. यात सहा महिने सहज जातात. मधे फॅमिली डॉक्टर झोपेची गोळी देतो. कुणी तरी ‘लग्न करून द्या, सुधारेल’ असंही सुचवतो. अगदी शेवटी, मुलगा कुणाच्या अंगावर धावून गेला किंवा घर सोडून निघून गेला की मनोविकारतज्ज्ञाचं नाव निघतं, आणि तेही हळू आवाजात.

जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा बाकावर खाली मान घालून बसलेला, हाताची बोटं सतत एकमेकांत गुंतवत होता. त्याच्या डाव्या मनगटावर दोरीचा काळपट वळ होता. मावशींनी त्यावर शर्टाची बाही ओढून घेतली आणि मला बाजूला बोलावलं.

‘ताई, केसपेपरवर काय लिहिणार?’

‘जो आजार आहे तो, मावशी.’

‘तसं नको ओ. ताप लिहा, अशक्तपणा लिहा. गावातला एक जण इथंच कामाला आहे. धाकटीचं बघतोय आम्ही.’

पोरावर काय उपचार होणार हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं ते कागदाबद्दल. आणि खरं सांगायचं तर ती भीती अनाठायी नव्हती. घरात एक ‘असा’ आहे हे कळलं की भावंडांची स्थळं मोडतात, हे त्या माउलीने आजूबाजूला पाहिलेलं होतं. लाज म्हणतो ती नुसती भावना नसते. तिची किंमत घरातल्या प्रत्येकाला मोजावी लागते, आणि ती वाचवण्यासाठी घर एकाला लपवतं. मनगटावरची दोरी त्याच हिशोबातून आलेली होती. बाप दिवसभर मजुरीला, आई शेतात, घरात सांभाळायला कुणी नाही, आणि मुलगा रस्त्यावर गेला तर सगळ्या गावाला कळणार.

अशा घराला कुणी सांगितलं की दूर एक जागा आहे, तिथे ठेवून घेतात, पैसे थोडे लागतात, कुणी काही विचारत नाही आणि ते देवाचंच काम आहे, तर ते घर काय करेल? दर्ग्याला जाताना ‘नवस फेडायला गेलाय’ असं सांगता येतं. मनोरुग्णालयात जाताना सांगण्यासारखं काहीच नसतं. एरवाडी चालत होती ती श्रद्धेवर जेवढी, तेवढीच या आडोशावर.

कायदा होता, दवाखाना नव्हता

आग लागली तेव्हा कायदा नव्हता असं नाही. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू होता. मनोरुग्ण ठेवून घेणाऱ्या जागेला परवाना हवा, उपचार चालू असताना रुग्णाला क्रूर किंवा अपमानास्पद वागणूक देता कामा नये, हे त्यात लिहिलेलं होतं. होमचा कारभार लपूनछपून नव्हता. झाडाला बांधलेली माणसं भर दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत होती.

मग कुणी हटकलं कसं नाही? माझ्या मते त्याचं उत्तर सरळ आहे. ती होम बंद केली असती तर तिथल्या माणसांना न्यायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला असता. तमिळनाडूचं मोठं सरकारी मनोरुग्णालय चेन्नईत किलपॉकला, एरवाडीपासून पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला होता. जिल्ह्याजिल्ह्यात उपचार पोचवणारा जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि २००१ मध्येही देशाचा फार मोठा भाग त्याच्या बाहेर होता. साखळी सगळ्यांना दिसत होती आणि सगळ्यांच्या सोयीचीही होती.

आगीनंतर

आठवडाभरात, १३ ऑगस्टला, एरवाडीची अशी सगळी होम बंद झाली. पाचशेहून जास्त रुग्ण सरकारच्या ताब्यात आले. एन. रामदास यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. कुणाही रुग्णाला साखळीत ठेवू नये आणि होम काढणाऱ्याने परवाना घ्यावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. ५ फेब्रुवारी २००२ च्या आदेशात प्रत्येक राज्याला सांगितलं की मानसिक उपचारांच्या नावाखाली चालणाऱ्या सगळ्या जागांची जिल्हावार पाहणी करा, मग त्या नोंदणीकृत असोत वा नसोत. प्रत्येक राज्यात निदान एक सरकारी मनोरुग्णालय हवं. आणि लोकांमध्ये, विशेषतः खेड्यापाड्यांत, जागृती करा की साखळी घालणं बेकायदा आहे आणि मनोरुग्णाला देवळात-दर्ग्यात न नेता डॉक्टरकडे न्यायला हवं.

या शेवटच्या सूचनेचा हेतू मला मान्य आहे. तरी ती वाचताना एक गोष्ट सलते. ‘डॉक्टरकडे न्या’ हे सांगायला डॉक्टर तर जवळ हवा. देशात आजही लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की भारतातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. जागृतीची पत्रकं वाटून ही दरी बुजत नाही. गोळी जवळच्या केंद्रात दर महिन्याला मिळाली, न चुकता मिळाली, आणि ती आणायला जाण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, तर बुजते.

श्रद्धेची जागा म्हणजे छळच, हेही खरं नाही. एरवाडीच्या आगीनंतर वर्षभरातच, २००२ मध्ये, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्याच एका मुत्तुस्वामी मंदिरातला अभ्यास प्रसिद्ध केला. या मंदिरात गंभीर मनोविकार असलेली माणसं येऊन राहत. सोबत घरचं कुणी असे. साखळी नव्हती, मार नव्हता. पूजेला बसायचं, जमेल तशी मंदिराची कामं करायची, झाडांना पाणी घालायचं. अभ्यासात ३१ जण होते आणि मुक्कामाच्या अखेरीस त्यांच्या लक्षणांचं मोजमाप सरासरी १९ टक्क्यांनी उतरलं होतं. काही नव्या औषधांनीही साधारण इतकाच फरक पडतो, असं संशोधकांनी नोंदवलं. हा अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून औषधं बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. आजार स्किझोफ्रेनियाचा असेल तर औषधं लागतातच. पण एकाच राज्यात, एकाच काळात, देवाच्या दारी दोन जागा होत्या, आणि एका जागी माणसाला माणूस म्हणून ठेवलं होतं. श्रद्धा दोन्हीकडे होती, साखळी एकीकडेच होती.

पुढे जे काम झालं त्यात मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं ते ‘दवा-दुआ’. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे, तिथे हे सुरू झालं. दर्ग्याजवळच मनोविकारतज्ज्ञांचं बाह्यरुग्ण केंद्र. लक्षणं कशी ओळखायची हे मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनाच शिकवलेलं, आणि ‘दुआ करतोच, पण दवाही घ्या’ असं म्हणून तेच माणसं डॉक्टरकडे पाठवतात. नंतर एरवाडीतही याच धर्तीवर दर्ग्याशी जोडून उपचार देण्यात आले. ज्याच्यावर घरच्यांचा आधीपासून विश्वास आहे त्याच्याच तोंडून गोळीची शिफारस होते, त्यामुळे घरच्यांना आपल्या देवाशी भांडावं लागत नाही आणि उपचारांना होणारा उशीर टळतो.

महाराष्ट्रात

आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाल्यावर तो आधी वटहुकूम म्हणून आला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं या प्रकारांबद्दल आहे. हा फौजदारी गुन्हा आहे. त्याशिवाय २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून देशभर लागू आहे आणि त्याच्या कलम ९५ मध्ये कुठल्याही प्रकारे, कुठल्याही स्वरूपात साखळी घालायला मनाई आहे. तरीही जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या बदायूंचं प्रकरण आलंच. श्रद्धेच्या जागी मनोरुग्ण साखळीत होते, आणि हे कलम ९५ चं उल्लंघन आहे हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

कायद्याने साखळी काढता येते. घराचा दरवाजा कसा उघडायचा, हा पुढचा प्रश्न आणि तो आपल्याकडे उघडा पडला २०२१ मध्ये. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथून बऱ्या झालेल्या काही जणांना राज्याने भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं होतं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. ही माणसं भिकारी नव्हती आणि सगळी म्हातारीही नव्हती. त्यांचा आजार आटोक्यात होता. त्यांच्यापुढे अडचण एवढीच होती की त्यांना नेणारं कुणी नव्हतं, आणि घर व रुग्णालय यांच्या मधली, स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत करणारी निवासं पुरेशी नव्हती.

या जागी मला एरवाडी सगळ्यांत जास्त आठवते. वीस वर्षांनी, शिकलेल्या राज्यात, साखळी नसतानाही माणूस अडकलेला होता आणि कारण तेच होतं. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, उपचार करते आणि देशभरातल्या त्यांच्या घरी परत पोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामातून एवढं नक्की कळतं की घरं नेहमीच नाकारत नाहीत. आपला माणूस मेला असं धरून बसलेली घरंही, तो औषधाने सावरलाय हे प्रत्यक्ष पाहिल्यावर, त्याला घेतात. म्हणून मी घरच्यांना दोष देत बसत नाही. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागते : गोळ्या कुणी द्यायच्या ते ठरवा, झोप बिघडली की वाट न पाहता फोन करा, आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. तिसऱ्या गोष्टीला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. ‘डोक्याचा आजार आहे, शुगर-बीपीसारख्या रोज गोळ्या चालू आहेत’ एवढं एक वाक्य उंबऱ्यावर उभं राहून म्हणायला काही घरांना वर्ष लागतं.

मावशींच्या मुलाच्या केसपेपरवर आजार होता तोच लिहिला गेला. कागद कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, यावर त्याचा हक्क आहे आणि रुग्णालयाला ती माहिती गुप्त ठेवावी लागते, हेही त्यांना सांगितलं. २०१७ च्या कायद्यात तसं कलम आहे. त्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?’ तिथून खरं बोलणं सुरू झालं.

याच कायद्याचं कलम १९ म्हणतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, आणि अशी सोय उभी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. ज्या घरात आज रात्री कुणी बांधलेलं आहे त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कुठल्या दिवशी असतो ते केसपेपरच्या खिडकीवर विचारता येतं. आणि आपल्या तालुक्यात घर आणि रुग्णालय यांच्या मधलं असं एखादं निवास आहे का, नसेल तर का नाही, हे ग्रामसभेत आणि आमदारांना विचारता येतं. मी विचारते आहे.